सोळा चौकोनांची हापशी

सुखदेव पेंटर कोणतीही वस्तू रंगवायच्या आधी ती वाजवून पाहायचे. खोटं नाही सांगत! भांड्याच्या दुकानावर बादलीचं चित्र काढायचं होतं, तर त्यांनी दुकानातली नवी बादली मागवली, पायरीवर पालथी घातली आणि दोन्ही हातांनी अशी बडवली की गल्लीतले लोक वरात आली म्हणून बाहेर आले. दुकानदारानं हात जोडले. "पेंटर, बादली विकाची हाय मले, लग्न नाही लावाचं तिचं."

काका काय म्हणाले? "जे वाजत नाही ते दिसत नाही, शेठ. आता पाहा. आता दिसंल."

आणि खरंच दिसली! भिंतीवरची ती बादली पाहिली की वाटायचं, हिची कडी आत्ता खाली पडेल आणि खण्ण करेल.

साबणाच्या जाहिरातीचं काम आलं, तेव्हा तर तीन दिवस त्यांनी ब्रशलाच हात लावला नाही. साबण वाजतच नाही ना! चौथ्या दिवशी ते सरळ आमच्या मोरीत शिरले, ओल्या ताटलीवर आमचाच साबण घासला, 'च्युई' असा बारीक आवाज निघाला आणि काका नाचत बाहेर गेले. संध्याकाळी भिंतीवर साबण, आणि त्याच्यावर तीन फुगे. मोठा, मधला, लहान. च्युई, च्युई, च्युई. आई म्हणाली, "हा माणूस वाया गेला." बाबा म्हणाले, "माणूस कुठं, आपला साबण गेला."

तर असे आमचे सुखदेवकाका. आदिलाबादला आमच्या घराला लागूनच त्यांची एक खोली. वय पन्नाशीच्या आसपास, अंगानं काडी, आणि शर्टावर इतके रंग की मूळ शर्ट कोणत्या रंगाचा होता यावर गल्लीत दोन पार्ट्या पडलेल्या. बायको-पोरं नाहीत. खोलीत एक खाट, रंगाचे डबे आणि खिळ्याला टांगलेली क्लारनेट. कारण लग्नसराईत ते बँड पार्टीत क्लारनेट वाजवायचे. दोन धंदे का, असं कोणी विचारलं की चिडायचे. "दोन कुठी? एकच हाय. हातानं केला तं बोर्ड, तोंडानं केला तं बाजा."

एकदा भर वरातीत क्लारनेट मधेच बंद पडली. बँड पुढं, नवरदेव पुढं, आणि काका मागं एका किराणा दुकानासमोर उभे! नवरदेवाचा बाप धावत परत आला. "अहो, चला ना जी!" काका बोर्डाकडं बोट दाखवून म्हणतात, "पाह्यलं काय? कोणी रंगवला हा? पहिलं अक्षर मोठ्यानं, बाकीचे तोंडातल्या तोंडात. बेसूर हाय बोर्ड." त्यांना खांद्याला धरून वरातीत नेलं, तरी ते मान वळवून वळवून पाहतच होते.

आता त्यांच्या बहिणीचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्याचसाठी झालं.

काकांना एकच मोठी बहीण. सरूबाई. काका तिला अक्का म्हणायचे. ती सावरगावला राहायची, भीमपूरच्याही पुढं, पैनगंगेच्या काठाला. पल्याड महाराष्ट्र. माझे बाबा तिथल्या शाळेत मास्तर, रोज जीपनं जायचे-यायचे, त्यामुळं दोघांचे निरोप आमच्याच घरातून. आधी अक्का दर सोमवारच्या बाजाराला एकटी यायची, भावाला भाकरी करून घालायची आणि दुपारच्या जीपनं परत जायची. येताना अडचण नाही, गावातून एकच जीप निघते. जाताना मात्र आदिलाबादच्या स्टँडवर दहा-बारा जीपा ओळीनं उभ्या, सगळ्या सारख्याच काळ्या, प्रत्येकीच्या कपाळावर पत्र्याची पाटी, आणि पाटीवर गावाचं नाव तेलुगूत. आमच्याकडं असंच. घरात मराठी, शाळेत तेलुगू, बाजारात हिंदी आणि तहसिलीत गेलं की निम्मे शब्द उर्दू. पण अक्काला यातलं एकही अक्षर वाचता येत नव्हतं. मराठी पाटी असती तरी तेच.

एका सोमवारी तिनं विचारलं, "सावरगावले जाते काय ही?" ड्रायव्हर म्हणाला, "बैठो अम्मा, बैठो." ती बसली. आणि उतरली कुठं? निर्मलला! उलट्या दिशेला! खेळणी बनवणाऱ्या एका म्हातारीनं तिला घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं, दुसऱ्या दिवशी बरोबर जीपमध्ये बसवून दिलं. अक्का सुखरूप गावी पोचली. पण गावानं तिचं नाव ठेवलं, 'निर्मलवाली'. विहिरीवर निर्मलवाली, शेतात निर्मलवाली, लग्नाच्या पंगतीत, "वाढा वं त्या निर्मलवालीले."

झालं. अक्कानं आदिलाबादला येणं बंद केलं. दोन वर्षं! काका म्हणाले, मी न्यायला येतो, सोडायलाही येतो. तिनं बाबांजवळ निरोप पाठवला, "सुख्याले सांगा मास्तर, मी का गाठोडं हाय, उचलून न्याले?" बाबा म्हणाले, माझ्यासोबत चला, मी रोजच जातो. तर म्हणे, "तुमी नोकरीले जाता. मी माया भावाकडं जाते. कोणाच्या मागं-मागं नाही जात मी."

म्हणजे ती येणार तर एकटीच येणार, आणि एकटीच परत जाणार. नाहीतर नाही.

आणि अशात काकांना पाट्यांचंच काम मिळालं! जीप स्टँडचा पुढारी यादगिरी अन्ना. गळ्यात रुमाल, हातात शिट्टी, बोलणं सगळं हैदराबादी हिंदीत. त्यानं सगळ्या पाट्या नव्यानं रंगवायला दिल्या. काकांनी विचारलं, "अन्ना, अक्षराच्या बाजूले एक-एक चित्र काढू काय? ज्याले वाचता येत नाही त्याच्यासाठी." अन्ना म्हणाला, "निकालो ना! अच्छा दिखता."

काका आमच्या अंगणात आले ते उड्या मारतच, आणि मला म्हणाले, "सुजू, आता अक्का येते! पाह्य तू!"

पहिला प्रयत्न मला अजून आठवतो. काकांनी पाटीच्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत, अख्खं गाव काढलं. देऊळ, झाड, नदी, डोंगर, डोंगरामागून सूर्य आणि दोन हरणं. हरणं कशाला, विचारलं तर म्हणे, "जागा उरली होती." जवळून पाहिलं तर सुंदर! पण पाटी जीपवर चढवली, आम्ही दहा पावलं मागं गेलो, आणि... भजी! बाराही जीपांवर एकेक भजं चिकटवल्यासारखं.

काका तिथंच पायरीवर बसले. "लय वाजवलं म्या," म्हणाले. "सगळे बाजे एकदमच वाजवले."

आता ऐका, इथून खरी गंमत आहे. स्टँडजवळ तेव्हा नुकतंच व्हिडिओ गेमचं दुकान निघालं होतं. एका खोलीत चार टीव्ही, आणि शाळा बुडवलेले पोट्टे. काका शेजारच्या दुकानाचा बोर्ड रंगवत होते. आतून आवाज आला, टिंग! मग टुंई! मग टिडिंग टिडिंग! काका शिडीवरून उतरले, ब्रश हातात तसाच, आणि आत गेले. मी कॉलेजातून येत होते, मला वाटलं कोणाला रागवायला गेले असतील, म्हणून मीही दारातून डोकावले.

काका टीव्हीला नाक लावून उभे. स्क्रीनवर एक बुटका माणूस टोपी घालून पळत होता. खेळणाऱ्या पोट्ट्याला काका म्हणतात, "अबे, उभा ठेव त्याले. हलवू नोको."

"काका, उभा ठेवला तं मरते ना तो!"

"मरू दे. मराच्या आधी मोजून घेतो." आणि बोटानं मोजायला लागले. "एक, दोन, तीन, चार... अबे, डोक्यापासून पायापर्यंत सोळा! सोळा चौकोनाच्या उंचीत अख्खा माणूस! टोपी तीन चौकोनाची, डोया एकच, अन् तरी समजून राह्यलं का हा माणूस हाय!"

तेवढ्यात तो माणूस मेला. टुंई. पोट्टा काकांवर चिडला. काकांनी स्वतःच्या खिशातून अर्ध्या तासाचं भाडं भरलं आणि त्याला म्हणाले, "पुन्हा चालू कर. अन् मी सांगतो तई मार."

मग रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम. पन्नाशीचा माणूस पोट्ट्यांच्या घोळक्यात, खेळत नाही, नुसता मोजतो. आणि डोळे मिटून ऐकतो! मला म्हणाले, "डोये मिटून बी समजते, सुजू. टिंग म्हणजे नाणं, टुंई म्हणजे मेला. एका चित्राचा एकच आवाज, अन् एका आवाजाचं एकच चित्र. गडबडच नाही!"

त्यांनी माझ्या गणिताच्या वहीतला आलेख कागद मागितला. सोळा चौकोन आडवे, सोळा उभे. आणि मग त्यांनी जे केलं ना, ते मी जन्मात विसरणार नाही. त्यांनी चित्र वाजवलं! बँडमधला केरवा ताल आठ मात्रांचा असतो, म्हणजे सोळा चौकोन म्हणजे दोन केरवे. भरलेला चौकोन म्हणजे टाळी, रिकामा म्हणजे गप्प. चित्राची एकेक ओळ ते मांडीवर वाजवायचे. धा, गप्प, गप्प, धा धा, गप्प... आणि मधेच थांबायचे. "ही ओळ अडखळते. एक चौकोन जास्त झाला." खोडायचे, पुन्हा वाजवायचे. आणि खरं सांगते, ज्या चौकोनाला ताल अडखळायचा, तोच चौकोन डोळ्यालाही खुपायचा! मी पाहिलंय!

"काका, रिकाम्या चौकोनाचं काय? तो तर वाजत नाही."

"तोच तं वाजते, बाप्पा! गप्प नसलं तं धा कुठून ऐकू येईन?"

आत्ता मी कंप्युटर सेंटरात टायपिंग करते. पहिल्या दिवशी सरांनी स्क्रीनवरची छोटी-छोटी चित्रं दाखवली, कागदाचं, कचऱ्याच्या डब्याचं, आणि म्हणाले, याला आयकॉन म्हणतात, हे परदेशातल्या मोठ्या हुशार लोकांनी काढलेत. मी म्हटलं, सर, आमच्या शेजारचे काका हे मांडीवर वाजवून काढतात. सर हसले. मी स्क्रीनला नाक लावून मोजून पाहिलं. चौकोनच होते!

बरं, पाट्यांकडं येते. बासरला वीणावाल्या देवीचं देऊळ, म्हणून ती पाटी सोपी गेली. "देवीनं वीणा वाजवून ठेवली हाय, आपण नुसती काढाची." दोन भोपळे, मधे दांडी. निर्मलला तिथल्या खेळण्यांतला लाकडी पोपट. सावरगावची पाटी, अक्काची म्हणून, त्यांनी शेवटी ठेवली. आणि भीमपूरला? काकांनी कापसाचं बोंड काढलं. सोळा चौकोनात पांढरंशुभ्र बोंड, चार पाकळ्या, दहा काय, पन्नास पावलांवरून ओळखू यायचं. वाजवून पाहिलं, कुठं अडखळलं नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

सोमवार आला. बाजार उठला. आणि स्टँडवर जे झालं! भीमपूरच्या जीपमध्ये माणसं मावेनात. आत वीस, टपावर दहा, मागं लोंबकळणारे वेगळे. त्यातले भीमपूरचे किती? चार! बाकी सगळे वेगवेगळ्या गावचे. कोणी बेलाच्या बाजूचं, कोणी जैनदच्या बाजूचं. यादगिरी अन्ना शिट्टी वाजवून-वाजवून लाल. एका म्हाताऱ्याला त्यानं उतरायला सांगितलं, तर म्हातारा पाटीकडं बोट दाखवून म्हणतो, "कापूस हाय ना तिथी? मंग आमचंच गाव झालं! आमच्या गावात कापसाशिवाय काय हाय?"

मागून एक बाई ओरडली, "अन् आमच्या गावात काय हापूस पिकते काय? सरका तिकडं!"

खरंच होतं ना! या अख्ख्या पट्ट्यात कापूस नाही असं गाव दाखवा. बोंड पाहिलं की प्रत्येकाला वाटलं, हे माझंच. बाकीच्या जीपा रिकाम्या, ड्रायव्हर बॉनेटवर पत्ते खेळत बसलेले.

अन्ना काकांकडं आला. "पेंटर साब! पूरा जिल्हा एकीच जीप में बैठ गया! क्या बनाए आप?"

"चूक झाली, अन्ना."

"अगले सोमवार तक ठीक करो. नै तो चित्रां पूरे मिटा देता मैं. खाली अक्षरां रखता."

 मला कळलं. चित्रं पुसली की अक्काचं येणं संपलं. कायमचं.

तो आठवडा काकांनी एकही बोर्ड घेतला नाही. सायकल काढली आणि गावोगाव फिरले. पहिल्या गावात विचारलं, "तुमच्या गावात काय दिसते?" लोक म्हणाले, कापूस. दुसऱ्या गावात विचारलं, लोक म्हणाले, कापूस. तिसऱ्या गावात म्हणाले, कापूस, अन् थोडी ज्वारी. सायकल झाडाला टेकवून काका डोक्याला हात लावून बसले. आणि मग, हे त्यांनीच मला सांगितलं, तिथं बसल्या-बसल्या त्यांना गावातून पिठाच्या गिरणीचा आवाज ऐकू आला. फुक-फुक-फुक-फुक. गिरणीच्या नळीवर कोणीतरी डबडं पालथं घातलेलं, म्हणून प्रत्येक फुकला एक टण्ण. अशी गिरणी दुसऱ्या कोणत्याच गावात नव्हती.

काका ताडकन उठले. "मी इतकी वर्षं बादल्या बडवून राह्यलो, अन् गाव वाजवूनच पाह्यलं नाही!"

त्यानंतर त्यांचा प्रश्नच बदलला. "तुमच्या गावात काय वाजते?" आणि लोकांना सांगायला इतकं होतं! एका गावात शाळेची घंटा म्हणजे रेल्वेच्या रुळाचा तुकडा, तो ठोकला की तीन गावांना ऐकू जायचा. एका गावात संध्याकाळी चिंचेवर मोर ओरडायचे. एका घाटावर नावाडी शिंग फुंकायचा. काका प्रत्येक ठिकाणी आधी डोळे मिटून ऐकायचे, मग आलेख कागदावर चौकोन भरायचे.

शेवटी ते सावरगावला गेले. हे मला बाबांनी सांगितलं, कारण शाळा सुटली होती आणि बाबाही अक्काच्या ओट्याजवळच होते. अक्का ओट्यावर तूर पाखडत होती. दोन वर्षांत काका तिच्याकडं गेले नव्हते असं नाही, पण प्रत्येक वेळी 'चल माझ्यासोबत' म्हणायचे आणि भांडण व्हायचं. या वेळी त्यांनी तसं काहीच म्हटलं नाही.

"अक्का, तुमच्या गावात काय वाजते?"

तिनं सुपातून मान वर केली नाही. "काय वाजते? निर्मलवाली, निर्मलवाली. तेच वाजते दोन वर्सापासून."

 आणि तेवढ्यात कोणीतरी हापशी मारली. केंऽऽ खट! केंऽऽ खट! कानात दाभण घातल्यासारखी! काकांनी बाबांचा हात धरला. "मास्तर, हे काय वाजून राह्यलं? इतक्या डाव आलो, भांडणात ऐकलंच नाही म्या."

"गावची हापशी. नळ दुरुस्त करणारे चारदा येऊन गेले, ग्रीस घातलं, काही केल्या जात नाही. गुरं सुद्धा या आवाजानं घर ओळखतात."

आता हापशी तर गावोगाव आहे! कापसासारखंच झालं असतं पुन्हा. पण सावरगावची हापशी ओरडते, बाकीच्या गपचूप पाणी देतात. मग काकांनी काय केलं? हापशीचा दांडा पार वर, आभाळाकडं उचललेला काढला, आणि तोटीखाली पाण्याचे थेंब न काढता दांड्याच्या वर, कोपऱ्यात तीन चौकोन तिरके सोडले. मोठा आवाज, मधला, बारीक. भीमपूरची आणि बाकीच्या पाट्या रविवारी रात्रीपर्यंत झाल्या, सावरगावच्या पाटीचा रंग मात्र पार सोमवारी सकाळी वाळला. आमच्या अंगणात त्यांनी मला ती वाजवून दाखवली. सोळा ओळी. शेवटची ओळ त्यांनी दोनदा वाजवली.

स्टँडवर यादगिरी अन्नानं पाटी उलटसुलट पाहिली. "फिर वैसाच हुआ तो?"

काकांनी समोरून जाणाऱ्या एका धोतरवाल्या म्हाताऱ्याला थांबवलं. "बाबाजी, हे काय हाय, नोका सांगू. हे कसं वाजते, ते सांगा."

म्हाताऱ्यानं पाटीकडं पाहिलं. डोळे बारीक केले. आणि भर स्टँडवर तोंड वर करून ओरडला, "केंऽऽ खट!" मग हसायला लागला, इतका हसला की त्याला खोकला आला. "हे तं आमच्या सावरगावची हो! हे कवा आली इथी?"

दुसरी एक बाई, दुसऱ्या गावची, पाहून म्हणाली, "हापशी हाय, पन आमची नव्हे. आमची नाही बोंबलत अशी."

अन्नानं शिट्टी वाजवली. "चढाओ पाटी!"

त्या सोमवारी अक्का आली नाही. बातमी मात्र गेली. सावरगावात दुसरा विषयच नव्हता. आपली हापशी जीपवर बसली! ज्या पोरांनी निर्मलवाली म्हटलं होतं, तीच पोरं अक्काला सांगायला गेली, "आजी, तुमच्या भावानं आपली हापशी काढली!"

आणि पुढच्या सोमवारी, अकरा वाजता, मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर फाटक वाजलं. हिरवं लुगडं, डोक्यावर टोपली, आणि पहिलं वाक्य, "काऊन रे सुख्या, हा शर्ट धुतला होता काय कवा?"

काका खोलीच्या दारात. त्यांनी आधी तिच्या डोक्यावरची टोपली उतरवून घेतली, मग खाटेवरचे रंगाचे डबे. अक्कानं चूल पेटवली, भाकरी केल्या, त्याच्या मनगटाला धरून म्हणाली, "हाड झाला नुसता." मला म्हणाली, "तू जेवून घे वं पोरी, तुयी माय काय करते घरी?" दोन वाजले. अक्का उठली, टोपली उचलली. "निघते मी. अन् कोनी मागं येऊ नोका. सांगून ठेवते."

आम्ही गेलोच! रसवंतीच्या टट्ट्यामागं मी आणि काका. अक्का स्टँडवर उभी, बाराही जीपा ओळीनं. ती पहिलीपासून निघाली. प्रत्येक पाटीसमोर थांबायची, मान वाकडी करून पाहायची, ओठ हलायचे. काकांच्या बोटांनी माझा दंड इतका दाबला की नंतर दोन दिवस दुखत होता.

एक ड्रायव्हर ओरडला, "बैठो अम्मा, बैठो! जगा है!"

अक्कानं पाटी पाहिली, मग त्याला पाहिलं. "तुयी जीप निर्मलले जाते, भाऊ. तो पाह्य पोपट. मी जाऊन आली एकडाव निर्मलले, आता तुयी बारी."

आसपासचे सगळे हसले. तो ड्रायव्हरही हसला. अक्का पुढं गेली, आणखी दोन जीपा सोडल्या, तिसरीपुढं थांबली, पाटीला हात लावला, आणि पुढच्या सीटवर ऐटीत जाऊन बसली. जीप सुटली. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मी उड्या मारत होते. काका मात्र रसवंतीच्या बाकावर बसले.

"लय बरोबर निघालं, सुजू," ते म्हणाले. "जरासं खराब काढाले पाह्यजे होतं. जीप चुकली असती, तं आजच्या दिवस राह्यली असती."

 मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

पण ऐका, अजून संपलं नाही! अक्का त्यानंतर दर सोमवारी यायला लागली. आणि तिसऱ्या की चौथ्या सोमवारी दोन वाजले, अडीच वाजले, तर ही बाई आपली खाटेवर बसून तांदूळ निवडतेय. काका आत-बाहेर, आत-बाहेर. शेवटी म्हणाले, "अक्का, जीप निघंल ना."

"निघू दे. उद्या नाही निघत काय?"

"निघते."

"मंग? आता काय, कोणत्याबी दिवशी जाता येते मले."

दोन मिनिटांनी काका आमच्या दारात. आई पोळ्या लाटत होती. "वयनी," म्हणाले, "एखादी गोधडी हाय काय जास्तीची?" एवढंच म्हणाले, आणि हसायला लागले, आणि मधेच थांबले. आई पेटीतून गोधडी काढेपर्यंत ते उंबऱ्यावरच उभे होते. "रंग लागंल तुमच्या गोधडीले," म्हणत दोन्ही हात शर्टाला पुसत राहिले, पुसतच राहिले. त्या दिवशी त्यांनी ब्रश हातात घेतलाच नव्हता.